शहराचा पाणवठा

(उपनगरांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात, घाटकोपर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला जो विषय देण्यात आला आहे तो असा : मोठ्या शहरातील बहुरंगी समाजजीवन आणि त्यातील रोजचा भेदभाव. या विषयाच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि आपल्या चळवळीने ते अनेक वर्षे उराशी बाळगलेले आहे. खेडे हा उच्चनीचतेचा बालेकिल्ला, आणि शहर ही त्यातून सुटण्याची वाट. माणसे एकत्र आली, एकाच गाडीतून प्रवास करू लागली, एकाच कारखान्यात राबू लागली, की जन्मावरून माणसाची किंमत करण्याची सवय आपोआप झडून जाईल, असा आपला विश्वास होता. या विश्वासात खरे किती आणि भाबडे किती, हे आज तपासून पाहू या.

हा विश्वास निराधार नव्हता, हे प्रथम सांगितले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली होती. गावकुसाबाहेर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्यांचा अनुभव त्या टीकेमागे होता. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून जी कुटुंबे मुंबईत लोटली, त्यांतल्या अनेकांना या शहरात प्रथमच सार्वजनिक नळावर रांगेत उभे राहून आपल्या क्रमाने पाणी भरता आले. बोरिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तीन माणसांच्या बाकावर चौथा माणूस अंग चोरून टेकतो, तेव्हा त्याला जात, धर्म, प्रांत कोणी विचारत नाही. ही मुक्ती लहान नाही. जो गावात आजोबांच्या नावाने आणि आजोबांच्या कामाने ओळखला जात होता, त्याला शहराने निनावीपणा दिला, आणि दलित माणसाला निनावीपणा म्हणजे काय, हे ज्याने तो कधी गमावलेला नाही त्याला सहसा कळत नाही.

परंतु बाकावरचा हा चौथा माणूस अंधेरीला उतरून भाड्याचे घर शोधू लागला, की त्याचा निनावीपणा संपतो. एजंट त्याला आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळ गाव विचारतो. नॉनव्हेज खाता का, हा प्रश्न ठरलेला असतो. पुढचे उत्तर तर आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल : ‘मालकाची काही हरकत नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.’ सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारावे तर तो म्हणतो, माझे काही नाही, सभासदांचा आग्रह आहे. सभासदाला विचारावे तर तो म्हणतो, मी स्वतः असले काही मानत नाही, पण बाकीचे मानतात. अशा रीतीने नकार देणारा कोणीच सापडत नाही आणि नकार मात्र मिळून जातो. खेड्यात पाणवठ्यावर अडवणाऱ्याचे नाव साऱ्या गावाला ठाऊक असे. शहरात अडवणारा अदृश्य असतो, कारण त्याने आपला अडसर नियमाच्या, चालीरीतीच्या आणि ‘बाकीच्यां’च्या आड ठेवलेला असतो.

उदाहरणे आपल्याच उपनगरांतली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी स्त्रीला, ती मराठी आहे म्हणून, कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, आणि त्या वेळची चित्रफीत साऱ्या राज्याने पाहिली. एप्रिल २०२५ मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत मांसमच्छी खाणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘घाणेरडे’ म्हटल्याची तक्रार झाली आणि त्यावरून मोठा गहजब उडाला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सांताक्रूझ पूर्वेला मणिपूरच्या एका तरुणीवर मोटारसायकलवरून जाणारा माणूस थुंकला, कारण तिचा चेहरा त्याला परका वाटला. या तीन घटना वर्तमानपत्रांत आल्या. ज्या कधीच येत नाहीत अशा घटना रोज घडतात. एखादा खान सहावे घर पाहून परत फिरतो. एखादा कांबळे फोनवर आपले आडनाव सांगण्याआधी क्षणभर थांबतो. मीरा रोडला घर शोधणाऱ्या आफ्रिकी माणसाला जिन्यातच ‘भाड्याने गेले’ असे ऐकवले जाते.

येथे कोणी शंका काढील की, याला वंशभेद कसे म्हणता येईल? वंशभेद दक्षिण आफ्रिकेत होता, अमेरिकेत आहे. आपल्याकडे फार तर जात, धर्म आणि भाषा यांचा प्रश्न आहे. हा वाद जुना आहे. २००१ साली डर्बन येथे वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न तेथे नेण्याचा प्रयत्न केला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. शास्त्रीय वर्गीकरणाचा तो वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. ज्या माणसाला जन्माने मिळालेल्या नावावरून किंवा चेहऱ्यावरून घर नाकारले जाते, त्याच्या दृष्टीने शब्दाने काही फरक पडत नाही. माणसाला त्याच्या कर्तृत्वाने न जोखता जन्माने जोखणे, हा दोहोंचा गाभा एकच आहे.

या रोजच्या भेदभावाची सुरुवात घर नाकारण्याच्याही आधी, नाव नाकारण्यापासून होते. सोसायटीच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहणारा नेपाळी माणूस ‘बहादूर’ असतो. त्याच्या आधीचाही बहादूरच होता आणि नंतरचाही बहादूरच असेल. तमिळ, मल्याळी, कानडी, तेलुगू अशा चार भाषांची माणसे आपण एका ‘मद्रासी’ शब्दात कोंबली. ‘भैया’ या शब्दाचा मूळ अर्थ भाऊ. आपल्या तोंडी त्याची शिवी झाली. ईशान्येच्या सात-आठ राज्यांतील लोकांना त्यांच्या डोळ्यांवरून हिणवणारा शब्द तर महाविद्यालयांत थट्टेचा म्हणून चालतो. हे शब्द वापरणारी माणसे दुष्ट नसतात. त्यांतली कित्येक सभ्य, सुशिक्षित, देवभोळी आणि परोपकारी असतात. म्हणूनच हा रोग ओळखणे अवघड जाते.

मग जेथे परकी माणसे फारशी नाहीत तेथे काय स्थिती आहे? ‘आमच्याकडे असले काही नाही’ असे कोकणातला किंवा देशावरचा आपला कार्यकर्ता पुष्कळदा सांगतो. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखण करायला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून आज नेपाळी मजूर आहेत. वर्षानुवर्षे ते त्याच बागेत राहतात. पण गावाच्या दृष्टीने ते ‘गुरखे’च. गावात तंटा नाही, हे खरे. पण तंटा नसणे म्हणजे समता असणे नव्हे. जो बरोबरीने काही मागत नाही त्याच्याशी तंटा होण्याचे कारणच पडत नाही. त्याच गावातल्या कोणी जातीची वेस ओलांडून बरोबरीचे काही मागितले की काय होते, ते २७ जुलै १९७८ नंतर, नामांतराचा ठराव झाल्यावर, मराठवाड्यातील जळलेल्या घरांनी दाखवले आणि २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीने दाखवले.

याचा अर्थ, शहर आणि खेडे यांच्यातला फरक भेदभाव असण्या-नसण्याचा नाही. साधनांचा आहे. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून भेदभाव स्मरणशक्तीच्या जोरावर चालतो. शहरात कोणी कोणाला ओळखत नाही, म्हणून तो आडनाव, आहार, चेहरा आणि उच्चार यांच्या खुणा शोधतो. खेड्यात त्याची जागा विहीर आणि देऊळ. शहरात त्याची जागा घराचे दार. माणसे नुसती जवळ आल्याने तो नाहीसा होत नाही. बृहन्मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाखांवर होती आणि त्यांतले ९३ लाखांहून अधिक लोक उपनगर जिल्ह्यात राहत होते. एवढी दाटी असूनही माणसे एकमेकांपासून दूर राहू शकतात, हे आपण रोज पाहतो.

आपल्यापुरतीच ही गोष्ट आहे असे नाही. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी अमेरिकेच्या दक्षिणेत पाट्या लावून चालणाऱ्या वर्णभेदाशी अहिंसक लढा दिला. १९६६ च्या जानेवारीत ते उत्तरेकडील शिकागो या महानगरात, गरीब कृष्णवर्णीयांच्या वस्तीत भाड्याने राहायला गेले. तेथे दारावर पाट्या नव्हत्या. कृष्णवर्णीयांना विशिष्ट मोहल्ल्यांबाहेर घर मिळू नये, याची व्यवस्था घरांचे दलाल, कर्ज देणाऱ्या संस्था आणि ‘शेजाऱ्यांची इच्छा’ मिळून पाहत असत. घरांच्या खुल्या व्यवहारासाठी त्यांनी मोर्चे काढले, तेव्हा ५ ऑगस्ट १९६६ रोजी मार्क्वेट पार्क भागात त्यांच्या डोक्यात दगड बसला. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या खरेदी-विक्रीत व भाड्यात भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत झाला. त्या कायद्याने सर्व काही साधले असे नाही. परंतु ज्या प्रश्नाला आजवर ‘खाजगी’ म्हणत होते तो सार्वजनिक आहे, एवढे त्याने मान्य केले.

आता आपल्या शहराच्या इतिहासाकडे वळू. गिरणगावात सगळे एक होते, असे आपण अभिमानाने सांगतो. ते अर्धसत्य आहे. गिरण्यांच्या विणकाम खात्यात पगार अधिक असे आणि तेथेच अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातील कांडीचा तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती वाटे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पुढे, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र संप केला. या दोन तारखांमध्ये जे घडले ते गर्दीने घडले नाही. भांडून, वाद घालून, एकमेकांना जाब विचारून ते घडवावे लागले. आणि जेथे ते काम अपुरे राहिले तेथे काय झाले, हे जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींनी पाहिले. त्याच गिरण्यांत काम करणारे शेजारी तेथे जातीवरून एकमेकांवर उठले.

उपनगरांची घडण जरा वेगळी झाली. १९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर, कारखान्यांची रांग उभी राहिली. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ मध्ये सीप्झ आले. याच काळात गृहनिर्माण मंडळाने आणि नंतर म्हाडाने वसाहती बांधल्या : घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, पुढे बोरिवली-कांदिवलीकडे गोराई आणि चारकोप. या वसाहतींत उत्पन्नगट पाहून, सोडतीने घरे मिळत. सोडतीच्या चिठ्ठीला आडनाव कळत नाही. त्यामुळे एका मजल्यावर कोकणी कारकून, तमिळ टंकलेखक, बौद्ध शिक्षक आणि मुस्लिम गिरणी कामगार शेजारी आले. ते सगळे उदारमतवादी होते म्हणून एकत्र आले नाहीत. सार्वजनिक संस्थेने एक नियम केला आणि त्या नियमाने त्यांना एकत्र आणले. नंतर गणपतीच्या वर्गणीतून, मुलांच्या शाळेतून आणि पाण्याच्या तक्रारीतून शेजारधर्म तयार झाला.

ही घडण गेल्या चाळीस वर्षांत उसवत गेली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या आणि त्यामागोमाग उपनगरांतले कारखानेही. त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. एकत्र काम करण्याची जागा गेली आणि एकत्र लढणारी युनियनही गेली. महानगरपालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, हे या शहराचे खरे वैभव. पण ज्याला परवडते तो आपले मूल तेथून काढतो, आणि मुलांना परक्या आडनावाचा मित्र मिळण्याची सर्वांत सोपी जागा नाहीशी होते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनांत एकाच भूखंडावर पुनर्वसितांची इमारत आणि विक्रीची इमारत उभी राहते. पुष्कळदा त्यांची फाटके वेगळी आणि मध्ये भिंत. २०११ साली या शहरातील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भिंतीचा अर्थ कळतो.

त्यातच डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ चे दंगे झाले. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मेलेल्यांची मोजदाद झाली. जी कुटुंबे त्यानंतर मिश्र वस्तीतले घर सोडून मुंब्र्याला, मीरा रोडला किंवा गोवंडीला गेली, त्यांची मोजदाद कोणी केली नाही. जोगेश्वरीत दोन वस्त्यांमधल्या रस्त्याला ‘बॉर्डर’ म्हणण्याची भाषा रुळली. ज्यांनी ‘त्यांना’ आपल्या इमारतीत घर नाकारले, तेच नंतर ‘ते लोक घोळक्याने राहतात’ अशी तक्रार करू लागले.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे येतो. मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या प्रकरणात मराठी माणसाला जो संताप आला तो न्याय्य होता. आपल्याच भाषेच्या राज्याच्या राजधानीत, भाषेवरून किंवा ताटातल्या मासळीवरून दार बंद व्हावे, हा अपमान आहे, आणि तो गिळा असे सांगणारा पुरोगामी मला मान्य नाही. आपण त्या अपमानाकडे संकुचित भावना म्हणून नाक मुरडले, म्हणूनच तो दुसऱ्यांच्या हाती गेला.

त्यांनी त्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हा रोख दक्षिण भारतीय कारकुनांवर आणि उडप्यांच्या हॉटेलांवर होता. २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना, आणि रेल्वेच्या परीक्षेसाठी आलेल्या पोरांना मार बसला. २०२५ साली मराठी बोलण्याच्या वादावरून मीरा रोडच्या एका दुकानदाराला थप्पड बसली. साठ वर्षांच्या या हिशेबात घर नाकारणाऱ्या व्यवस्थेचे काय बिघडले? टॅक्सीवाल्याने कोणा मराठी माणसाला फ्लॅट नाकारलेला नाही. तो स्वतः दहा बाय दहाच्या खोलीत सहाजणांबरोबर झोपतो. घराची किल्ली बिल्डर, मालक, दलाल आणि कमिटी यांच्या हातात आहे. राग खाली वळवला गेला आणि किल्ली वर सुरक्षित राहिली.

दुसरीही एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. मुलुंडमध्ये ज्याला दार बंद झाले तोच मराठी माणूस दुसऱ्या एखाद्या इमारतीच्या कमिटीवर बसून मुसलमानाला, बौद्धाला किंवा मिझोरामच्या परिचारिकेला दार बंद करतो. ‘मराठी माणसासाठी घरे राखून ठेवा’ ही मागणी गेल्या काही वर्षांत पुढे आली आहे. तिच्यामागची वेदना मी समजू शकतो. पण त्या राखीव घरांत कांबळे आणि शेख मोजले जाणार की नाही, हे मागणी करणाऱ्याला विचारा. ते दोघेही मराठीच बोलतात. आणि भूमिपुत्र म्हणून सर्वांत पहिला हक्क सांगायचा तर तो आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवरच्या वारल्यांचा, कोळ्यांचा, आगऱ्यांचा आणि ईस्ट इंडियनांचा आहे. त्यांना कोणत्या मनोऱ्यात घर मिळाले?

या साऱ्यावर जो शेवटचा युक्तिवाद केला जातो तो असा की, घर ही खाजगी मालमत्ता आहे. कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये, हा मालकाचा प्रश्न. या युक्तिवादाची वंशावळ पाहिली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, कागदावर. २० मार्च १९२७ रोजी महाडला प्रत्यक्ष पाणी भरावे लागले. त्यानंतर सवर्ण मंडळी न्यायालयात गेली आणि त्यांनी सांगितले की चवदार तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे. दहा वर्षे तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला की तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. ‘हे आमचे खाजगी आहे’ हे वाक्य तेव्हाही भेदभावाच्या बचावाचे शेवटचे वाक्य होते.

आज कायद्याची स्थिती अशी आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते येथे भेदभावास मनाई केली. राहत्या घराचा तेथे उल्लेख नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या तेविसाव्या कलमात, पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, असे तत्त्व आहे. परंतु २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संस्थेला आपले सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय दिला. समाजनिहाय संस्थांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १९१५ साली गावदेवीला उभी राहिलेली सारस्वत सोसायटी ही देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांपैकी एक. परक्या शहरात आलेल्यांनी एकमेकांच्या आधाराने घर बांधावे, यात गैर काही नव्हते. लोकसंख्या घटत चाललेल्या लहान समाजाने आपली वसाहत राखणे वेगळे. आणि ज्यांच्या हाती एका अख्ख्या उपनगरातील घरबाजार आहे त्यांनी इतरांना वेशीबाहेर ठेवणे वेगळे. कायद्याने या दोहोंत फरक केला पाहिजे. शाकाहाराचेही तेच. आपल्या चुलीवर काय शिजावे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. शेजाऱ्याच्या चुलीवर काय शिजावे हे ठरवण्याचा कोणालाच नाही.

साथींनो, १९७० च्या दशकात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढली. ते गावोगाव गेले आणि एकच साधा प्रश्न विचारत राहिले : तुमच्या गावात दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येते का? समतेवर व्याख्याने त्यापूर्वीही पुष्कळ झाली होती. या मोहिमेने समतेला एक जागा दिली, जेथे जाऊन ती आहे की नाही हे पाहता येत होते. शहरात आपल्याला अशी जागा अजून सापडलेली नाही, म्हणून आपण सलोख्याच्या सभा भरवतो, एकतेच्या घोषणा देतो आणि घरी परततो. माझे म्हणणे एवढेच आहे की शहराचा पाणवठा म्हणजे घराचे दार. आपले काम तेथे सुरू झाले पाहिजे.

त्यासाठी चार गोष्टी सुचवतो. पहिली : प्रत्येक विभागात घर नाकारल्याच्या तक्रारींची वही ठेवा. नकार कोणी दिला, कोणत्या शब्दांत दिला, तारीख कोणती, हे लिहून घ्या. त्या वहीत मराठी, मुसलमान, बौद्ध, ईशान्येचा विद्यार्थी, एकटी राहणारी स्त्री, सगळ्यांची नोंद एकत्र असावी. कारण ज्या दिवशी या वह्या वेगवेगळ्या होतील त्या दिवशी आपण हरलो. दुसरी : आपल्यापैकी शेकडो लोक सोसायट्यांचे सभासद आहेत. सर्वसाधारण सभेत उठून विचारा की, हा ‘आपल्यात चालत नाही’ नियम कोठे लिहिला आहे? आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना सोसायटीला आगाऊ कळवणे पुरेसे असते. परवानगीचा बागुलबुवा कमिट्यांनी उभा केलेला आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. सहकारी संस्था हा राज्याच्या अधिकारातला विषय आहे. २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक मंजूर करून महाराष्ट्राने देशात पुढाकार घेतला. त्याच धैर्याने घराच्या विक्रीत व भाड्यात जन्मावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा व्हावा, आणि त्यात मालकाबरोबर दलाल व कमिटीही जबाबदार धरली जावी. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. त्या शिफारशीवर साचलेली धूळ झटकण्याची मागणीही आपण केली पाहिजे. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत मोठी : सार्वजनिक घरबांधणी. कायदा नकार रोखील, पण शेजार निर्माण करणार नाही. शेजार पंतनगरात निर्माण झाला तो सोडतीने. महापालिका आणि म्हाडा यांनी भाड्याची घरे बांधावीत, ती सोडतीने द्यावीत, पुनर्विकासात दोन फाटके ठेवू नयेत आणि पालिकेच्या शाळा वाचवाव्यात, या मागण्या आपण वेगवेगळ्या मोर्चांत करत आलो. त्या सर्व एकाच प्रश्नाच्या मागण्या आहेत.

बोले ठरावापासून चवदार तळ्याच्या निकालापर्यंत चौदा वर्षे लागली, आणि त्यानंतरही पस्तीसेक वर्षांनी पाणवठ्यांची मोहीम काढावी लागली. म्हणून घाईची अपेक्षा मी ठेवत नाही. पण वही आजच उघडता येईल. हा अभ्यासवर्ग संपल्यावर प्रत्येक विभागाने आपल्याकडच्या एका तरी नकाराची नोंद करावी आणि महिन्याने त्या वह्या घेऊन आपण पुन्हा जमावे, अशी माझी सूचना आहे.